गॅलरीतल्या टबात जीवसंख्येची वाढ कशी मोजावी

जीवसंख्या वाढते कशी आणि थांबते कुठे, हे घरी पडताळून पाहायचे असेल तर डकवीड ही पाण्यावर तरंगणारी वनस्पती घ्यावी. तिचे पान जेमतेम दोन ते पाच मिलिमीटरचे असते आणि त्याच्याच कडेतून नवे पान फुटत असल्याने मोजणी सोपी जाते. क्रॉफर्ड मार्केटात किंवा जवळपास शोभेच्या माशांचे सामान विकणाऱ्या दुकानात चौकशी करावी.

रुंद तोंडाचे दोन सारखे टब आणि एक अरुंद तोंडाचे भांडे घ्यावे. नळाचे पाणी रात्रभर उघडे ठेवून मग तिन्हींत सारखेच भरावे. एका टबात आणि अरुंद भांड्यात कुंड्यांसाठी मिळणारे विद्राव्य खत चिमूटभर घालावे. दुसरा टब बिनखताचा ठेवावा. प्रत्येकात दहा पाने सोडून वर मच्छरदाणीचे कापड घट्ट बांधावे. मुंबईत ही काळजी टाळता येणारच नाही, कारण साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास आठ-दहा दिवसांत अंड्यातून पूर्ण वाढतो.

दर दोन दिवसांनी पाने मोजून आजच्या आकड्याला मागच्या आकड्याने भागावे. हा भागाकार साधारण तोच राहत असेल, तर वाढ अजून अनिर्बंध आहे. तो 1 या आकड्याकडे सरकू लागला की मर्यादा जाणवू लागली असे समजावे. आकडे आलेखावर मांडल्यास इंग्रजी एस अक्षरासारखा वक्र मिळतो. बेल्जियन गणिती व्हेरहुल्स्ट यांनी 1838 मध्ये याच वक्राचे समीकरण मांडले होते. वक्र ज्या पातळीवर सपाट होतो, ती त्या भांड्याची धारणक्षमता.

मर्यादा नेमकी कशाची, हे मात्र पानांकडे पाहूनच ठरवावे. बिनखताच्या टबात पाने फिकट पडून मुळे लांबत असतील, तर पोषणाची चणचण आहे. अरुंद भांड्यात खत असूनही पाने एकमेकांवर चढू लागतात. तेथे अडचण पृष्ठभागाची आणि प्रकाशाची असते.

माझ्या मते सर्वांत बोलकी पायरी यानंतरची आहे. खताच्या टबातील वाढ थांबली की निम्मी पाने काढावीत आणि मोजणी चालू ठेवावी. वाढीने पुन्हा वेग घेतला, तर वनस्पती थकली नव्हती, गर्दीनेच तिला अडवले होते. काहीच बदल झाला नाही, तर थोडे खत घालून पाहावे.

काढलेली पाने वाळवून कुंडीत घालावीत. पवई तलावासारख्या, जलपर्णीने आधीच वेढलेल्या पाण्यात ती मुळीच सोडू नयेत.