नागपूरच्या गच्चीवर सांबार (कोथिंबीर), गोडलिंब (कढीपत्ता) आणि गवती चहा: लावणं, तोडणं, वापरणं

नागपुरात कुंडीतल्या झाडावर दोनदा संकट येतं. पहिलं नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत तापलेल्या नऊ दिवसांत, पाण्यावाचून. त्यातून वाचलं तर दुसरं जुलैत, पाण्यानेच. मेअखेर पारा ४५-४६ वर आणि महिन्याभरात संततधार, अशी इथली हवा. पुण्या-नाशिकचं लागवडीचं वेळापत्रक इथे जसंच्या तसं वापरलं की सांबार उगवत नाही आणि पुदिना जळतो. म्हणून आधी माती आणि जागा ठरवायची, रोपं नंतर आणायची.

माती

नुसती काळी माती कुंडीत भरू नका. ओली झाली की ती फुगते आणि मुळांना हवा मिळत नाही. सुकली की आक्रसून कुंडीच्या कडेपासून सुटते. मग वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं. बशीत पाणी दिसतं, आपल्याला वाटतं झाड प्यायलं, आणि आतला गोळा कोरडाच असतो. उन्हाळ्यात रोज पाणी घालूनही झाड माना टाकत असेल तर आधी हेच तपासा. कुंडी २० मिनिटं पाण्याच्या टबात ठेवा, बुडबुडे थांबले की काढा आणि कडेची फट माती दाबून बुजवा.

मिश्रण असं: १ घमेलं काळी माती, १ घमेलं जाडी रेती (कन्हान नदीची उत्तम, बांधकामाची उरलेली असेल तर सिमेंट लागलेली नको), १ घमेलं पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि दोन मुठी निंबोळी ढेप (पेंड). खताला अजून शेणाचा वास येत असेल तर ते कुजलेलं नाही. ते कुंडीत गरम होतं आणि कोवळी मुळं जाळतं. लाल माती किंवा पोयटा मिळाला तर रेती अर्धी करा.

आता कूलरच्या पाण्याबद्दल. टाकीत उरलेलं पाणी झाडांना घालायची सवय घरोघरी आहे, आणि पाणी वाया जाऊ नये हा हेतू चांगलाच. पण कूलरमध्ये पाणी उडतं, क्षार मागे राहतात. बोअरचं पाणी असेल तर आठवड्याभरात टाकीतलं पाणी बरंच खारट होतं. पानांची टोकं तपकिरी पडणं आणि मातीवर पांढरा थर येणं ही त्याची खूण. ते पाणी अंगण धुवायला वापरा.

सांबार

पेरणी ऑक्टोबर ते फेब्रुवारी. मेमध्ये पेरून वाट पाहू नका. तापलेल्या मातीत धने उगवत नाहीत, आणि उगवले तरी पान धरायच्या आत तुरा येतो. एका धन्यात दोन बिया असतात, म्हणून पोळपाटावर लाटणं हलकं फिरवून त्याचे दोन भाग करा. पीठ करू नका. रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यावर निथळवा आणि सेंटिमीटरभर खोल पेरा. ८ ते १२ दिवसांत कोंब दिसतात, ३५ ते ४५ दिवसांत तोडणी. स्वयंपाकघरातले धने चालतात, पण जुने असतील तर २० दाणे ओल्या फडक्यात बांधून आधी परीक्षा घ्या.

एकदम सगळी कुंडी भरू नका. दर १५ दिवसांनी एक ट्रे पेरला तर संक्रांतीपर्यंत तोड तुटत नाही. उपटण्याऐवजी बाहेरच्या काड्या कात्रीने कापल्या तर एका पेरणीतून दोन तोडण्या मिळतात. तिसरी मिळते, पण चव जाते.

गोडलिंब

इथे सर्वांत जास्त तक्रारी याच झाडाच्या. नवी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या असतील तर ती लोहाची कमतरता. काळी माती आणि बोअरचं पाणी दोन्ही अल्कधर्मी, त्यामुळे मातीत लोह असूनही मुळांना घेता येत नाही. १ लिटर पाण्यात २ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) विरघळवून संध्याकाळी बुंध्याशी द्या, १५ दिवसांनी पुन्हा. फरशीवर सांडलं तर गंजाचा डाग पडतो. आंबट ताक पातळ करून घालायचा उपाय घरोघरी आहे. पण लोह कमी असेल तर एकट्या ताकाने काम भागत नाही, आणि जास्त घातलं तर मुंग्या लागतात.

डिसेंबर-जानेवारीत जुनी पानं पिवळी होऊन गळतात, ते मात्र नैसर्गिक आहे. झाड विसावा घेत असतं. तेव्हा खत देऊ नका, पाणीही निम्मं करा. फेब्रुवारीत शेंडे फुटले की खुरपणी करून दोन मुठी गांडूळखत द्या. रोप गुडघ्याएवढं झालं की शेंडा खुडा, नाहीतर एकच काठी वर जात राहते.

पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काही दिसलं तर ती लिंबाच्या फुलपाखराची अळी. गोडलिंब आणि संत्रा एकाच कुळातले, त्यामुळे कीडही एकच. कुंडीत हाताने वेचणं पुरेसं आहे, कारण ही पानं आपण खाणार असतो. ज्यांची काटोल-नरखेडकडे संत्र्याची बाग आहे त्यांनी मात्र बांधावर गोडलिंब लावू नये. संत्र्यावर ग्रीनिंग रोग पसरवणारी सायला कीड या झाडावर वाढते.

पुदिना, पानओवा, गवती चहा, तुळस

पुदिन्याची भाजीवाल्याकडची जुडीच रोपवाटिका समजा. जाड काड्या निवडा, खालची पानं काढा, पाण्यात ठेवा. आठ-दहा दिवसांत मुळं येतात. पसरट कुंडी, सकाळचं ऊन, दुपारी सावली. त्याला स्वतंत्र कुंडी द्या, कारण तो शेजाऱ्याची जागा खातो.

पानओव्याचं उलट. याला मरायला फक्त जास्त पाणी लागतं. काडी तोडून एक दिवस सावलीत सुकवा, मग खोचा. पावसाळ्यात कुंडी छज्जाखाली सरकवा.

गवती चहाचं ठोंब मृगाचा पाऊस पडल्यावर फोडून लावा. पानं जमिनीपासून वीतभर ठेवून कापा. कडा धारदार असतात, हातमोजे घाला. दोन वर्षांनी ठोंब पुन्हा फोडला नाही तर मधला भाग वाळून जातो.

तुळस थंडीत काळी पडते. २०१८च्या डिसेंबरअखेर नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता. तशा रात्री कुंडी भिंतीच्या आडोशाला घ्या आणि वर जुनी ओढणी टाका. मंजिरी येताच खुडा, नाहीतर झाड बी धरून म्हातारं होतं. आणि वृंदावनात रोज तांब्याभर पाणी घालताय, तर तळाला भोक आहे ना, ते एकदा बघा. कित्येक वृंदावनांना नसतं.

हळद

नागपूरपासून फार लांब नसलेल्या वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा इथली हवा हळदीला मानवते हे वेगळं सांगायला नको. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, डोळा फुटलेला ३०-४० ग्रॅमचा तुकडा दीड फुटी खोल पिशवीत दोन इंच पुरा. तुकडा कापला असेल तर कापलेली बाजू दोन दिवस सुकू द्या. सप्टेंबरपर्यंत दोनदा मातीची भर घाला. जानेवारी-फेब्रुवारीत पानं वाळली की पाणी तोडा आणि पंधरा दिवसांनी काढा. घाई केली तर हळकुंड पाणचट निघतं. घरगुती प्रमाणात उकळून वाळवण्यापेक्षा पातळ चकत्या करून उन्हात कडक वाळवणं सोपं.

मार्च ते जून: सावली आणि पाणी

१५ मार्चच्या आसपास ५० टक्क्यांची हिरवी जाळी बांधा. ती झाडांपासून किमान तीन फूट वर हवी, नाहीतर खाली भट्टी होते. काळ्या पिशव्यांना पांढरं कापड गुंडाळा, कुंड्या स्लॅबवर थेट न ठेवता विटांवर ठेवा. पाणी सकाळी सातच्या आत आणि सूर्य मावळल्यावर. गच्चीवरच्या टाकीतून येणारं दुपारचं पाणी हाताला चटका देतं, ते मुळांना घालू नका. पावसाळा लागला की विटा तशाच ठेवा, पण बशा काढून टाका. पाणी तुंबलं की मुळं कुजतात आणि डेंग्यूचे डासही होतात.

स्वयंपाकात

सांबारवडीचं सारण पाझरतं त्याची दोन कारणं: धुतलेला सांबार नीट वाळवलेला नसतो आणि मीठ आधी घातलेलं असतं. चिरण्याआधी पानं पंख्याखाली तासभर पसरा. खोबरं, तीळ, खसखस आणि मसाला मिसळून ठेवा. मीठ मात्र पारी लाटून झाल्यावर.

गोडलिंबाची चटणी: २ वाट्या पानं धुऊन पूर्ण कोरडी करा, मंद आचेवर कुरकुरीत भाजा. अर्धी वाटी जवस तडतडेपर्यंत भाजा, २ चमचे तीळ आणि ५-६ सुक्या मिरच्या वेगळ्या भाजा. गार झाल्यावर ४ लसूण पाकळ्या, बोराएवढी चिंच (लिंबाएवढी नको) आणि मीठ घालून वाटा. दळलेला जवस खवट होतो, म्हणून आठवड्यापुरतीच करा.

पानं साठवायची तर एप्रिलची कोरडी हवा सोन्यासारखी आहे. सावलीत, सुती कापडावर, दोन-तीन दिवस. उन्हात रंग आणि वास दोन्ही उडतात. कूलरच्या खोलीत वाळवू नका, तिथली हवा दमट असते. पान चुरताना कुरकुर आवाज आला की काचेच्या बरणीत भरा. वाकत असेल तर जुलैत बुरशी येणारच.

औषध म्हणून, कुठवर

साध्या सर्दीला ८-१० तुळशीची पानं, गवती चहाच्या दोन पाती आणि बोटाच्या पेराएवढं आलं. दीड कप पाणी उकळा, आधी आलं टाकून पाच मिनिटं ठेवा, गॅस बंद करून मग पानं टाका आणि झाकण लावून दहा मिनिटं. पानं उघड्या भांड्यात खळखळ उकळली तर सुगंधी तेल वाफेबरोबर जातं आणि कपात कडवट हिरवं पाणी उरतं. पानओव्याचं पान तव्यावर हलकं गरम करून रस काढतात, मधातून देतात. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये.

किरकोळ चटक्याला कोरफड: आधी भाजलेली जागा २० मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा. पान कापून उभं ठेवा, पिवळा चीक १०-१५ मिनिटं गळू द्या, मगच गर लावा. तो चीक पोटात गेला तर जुलाब होतात. फोड आलेल्या भाजण्यावर काहीही लावू नका.

अडुळसा गरोदरपणात घेऊ नये. गुळवेल तर कडुलिंबावर चढलेली दिसली की लोक काढून काढा करतात. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही. वाद काहीही असो, सारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेली आहेत आणि महिनोन्‌महिने रोज काढा पिण्याचं कारण नाही. यकृताचा त्रास किंवा रोजची औषधं चालू असतील तर वैद्यांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

उन्हाळ्यात पुदिन्याचं ताक किंवा कैरीचं पन्हं तहान भागवतं, उष्माघातावर इलाज करत नाही. अंग तापलेलं, बोलणं असंबद्ध झालेलं असेल तर काही पाजत बसू नका. सावलीत आणा, अंगावर पाणी ओता आणि दवाखाना गाठा. पावसाळ्यात ताप दोन दिवसांवर गेला तर काढा बाजूला ठेवून रक्त तपासून घ्या.