होडी क्रेनने उचलताना पट्टे कुठे घालाल?

मुंबईत पाऊस सुरू होण्याआधी शिडाच्या होड्या पाण्याबाहेर काढाव्याच लागतात. क्रेनने उचलताना सगळी मदार होडीच्या तळाखालून घातलेल्या पट्ट्यांवर असते. मागचा पट्टा सुकाणूवर किंवा इंजिनाच्या पंख्याच्या (प्रोपेलरच्या) दांड्यावर येता कामा नये. पुढचा पट्टा नाळेकडे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडे, वर सरकतो आणि होडी कलंडते, म्हणून दोन्ही पट्टे काठालगत दोरीने एकमेकांना बांधा. ही दोरी कधीही टाळू नका. पट्टे बरोबर बसले की त्या जागी काठावर रंगीत टेपची खूण करा, ऑक्टोबरमध्ये होडी पाण्यात सोडताना तीच उपयोगी पडेल.

पट्टे हुकापर्यंत पुरेसे लांब हवेत. आखूड पट्टे पसरट कोनात ताणले जातात आणि ताण फार वाढतो: आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन असेल, तर दोन बाजूंपैकी प्रत्येकीवर होडीच्या पूर्ण वजनाइतका भार येतो. ६० अंशांच्या वर राहा. तळातलं पाणी आधी उपसा, १०० लिटर म्हणजे १०० किलो. डोलकाठीची मागची तार क्रेनला अडते का, तेही पाहा.

उधाणाच्या भरतीला इथे पाणी साडेचार मीटरवर चढतं. भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहूनच क्रेन बोलवा. दोन टोकांना दोऱ्या धरायला माणसं ठेवा, पण लटकत्या होडीखाली कुणालाही जाऊ देऊ नका.

जमिनीवर भार कीलखालच्या, म्हणजे होडीच्या तळाच्या कण्याखालच्या, लाकडी ठोकळ्यांवर असू दे. बाजूचे टेकू फक्त तोलापुरते. नाळ किंचित वर, तळाचं बूच काढलेलं, म्हणजे पावसाचं पाणी साचणार नाही.