अमेरिकेत सुताराकडून थेट शवपेटी घेताय? या चुका टाळा

अमेरिकेतल्या मराठी घरांत हा विषय बहुधा वेळ आल्यावरच निघतो. फ्युनरल होमवाले (अंत्यविधीची सगळी व्यवस्था करणारे व्यावसायिक) शवपेट्यांचा कॅटलॉग पुढे करतात आणि त्या अवस्थेत आपण मान डोलावून मोकळे होतो. ते टाळायचं म्हणून काहीजण ओहायो किंवा पेनसिल्व्हेनियातल्या आमिश (आधुनिक साधनं टाळून साधेपणाने राहणारा ख्रिस्ती पंथ) सुतार-कुटुंबांकडून साधी लाकडी पेटी थेट घेतात. काम सहसा चोख असतं. घोळ होतो तो बाकीच्या गोष्टींत.

पेटीचं पुढे काय होणार, हे न ठरवताच लाकूड निवडणं

दहन, दफन की भारतात नेणं? हे आधी ठरवा. पार्थिव भारतात न्यायचं असेल तर सुताराला फोनच करू नका. विमानासाठी एम्बामिंग (पार्थिव टिकवण्याची रासायनिक प्रक्रिया) आणि हवाबंद बंदोबस्त लागतो, ते काम फ्युनरल होमचंच. अंत्यदर्शन न ठेवता थेट दहन करायचं असेल तर अशी पेटी घेण्याची कायद्याने सक्ती नाही. पुठ्ठ्याच्या किंवा प्लायवूडच्या साध्या खोक्याचा पर्याय फ्युनरल होमला द्यावाच लागतो.

अंत्यदर्शन करून दहन असेल तर पाइन किंवा पॉप्लर पुरे. ओक दिसतं देखणं, पण भलतं जड, आणि खांदा देणाऱ्यांत निम्मे पाठदुखीवाले असतात. मुठी लाकडी किंवा दोराच्या सांगा. धातूचं सामान किती चालेल ते दहनगृहालाच विचारा.

झाकणाबद्दल काहीच न बोलणं

माझ्या मते सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच. इथल्या पेट्यांचं झाकण बरेचदा दोन तुकड्यांत असतं. वरचा अर्धा उघडतो, कमरेखालचा भाग झाकलेला राहतो. इथल्या रिवाजाला तेवढं पुरतं. आपल्याकडे मुखात गंगाजल आणि तुळशीपत्र घातल्यावर माणसं पायांकडे वळतात. फुलं तिथे वाहायची, डोकं तिथे टेकवायचं. आणि तिथे बंद फळी! म्हणून सुताराला स्पष्ट सांगा: एकसंध झाकण, बिजागऱ्या नकोत, पूर्ण उचलून बाजूला ठेवता आलं पाहिजे. बाजूच्या फळ्या किती उंच, तेही विचारा. पेटी ट्रॉलीवर चढली की व्हीलचेअरवरच्या आजींना आतलं काही दिसत नाही.

आतल्या बाजूच्या गाठींवर शेलॅकचा (लाखेच्या पॉलिशचा) हात मारून घ्या. कच्च्या पाइनच्या गाठींतून चिकट राळ पाझरते आणि पांढऱ्या कापडाला पिवळे डाग पडतात. जाड सुती अस्तर असलं तर उत्तमच.

‘बाहेरची पेटी आम्ही घेत नाही’ हे ऐकून गप्प बसणं

फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेचा फ्युनरल रूल 1984 पासून लागू आहे. फ्युनरल होमला बाहेरून घेतलेली पेटी नाकारता येत नाही, त्यासाठी वेगळे पैसेही लावता येत नाहीत. पेटी उतरवून घ्यायला तुम्ही हजर राहा असा आग्रहही धरता येत नाही. असं कुणी म्हणालंच तर शांतपणे या नियमाचं नाव घ्या आणि नकार लेखी मागा. मात्र ‘आमची पेटी घेतलीत तर पॅकेजवर सूट’ हे ते म्हणू शकतात. म्हणून आधी बाबवार दरपत्रक मागून घ्या. समक्ष गेलात तर ते द्यायला ते बांधील आहेत. स्वतंत्र दफनभूमीला हा नियम लागू नाही.

पेट्या विकायला परवाना हवा की नको, यावरून लुइझियानातल्या सेंट जोसेफ मठाच्या साधूंना कोर्टात जावं लागलं होतं. 2013 मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. सगळ्या राज्यांत मात्र एकच कायदा नाही.

मापं आणि वेळ

सर्वसाधारण पेटी बाहेरून साधारण 84 इंच लांब आणि 28 इंच रुंद असते. माप मुठींसकट घ्या आणि दहनगृहाच्या भट्टीच्या तोंडाशी ताडून पाहा. आमिश कारखान्यात ईमेल बहुधा नसतं, निरोप ठेवून वाट पाहावी लागते, आणि रविवारी व्यवहार बंद. निधनानंतर फोन करणार असाल तर पहिला प्रश्न हाच: तयार पेटी आहे का, आणि ती पोचवणार कोण?

आधीच आणून बेसमेंटमध्ये टाकणं

काँक्रीटवर थेट ठेवू नका, ओल धरते. खाली पट्ट्या घालून आडवी, सपाट ठेवा. उभी टेकवली तर फळ्यांना पीळ पडतो. उन्हाळ्यात झाकण अडायला लागलं तर लगेच रंधा मारू नका. पावसाळ्यात दार फुगतं तसाच हा प्रकार, हिवाळ्यात फट पडेल. कडेला मेणबत्ती घासा, काम भागतं. आणि पेटी कुठे आहे, सुताराची पावती कुठे आहे, हे घरातल्या निदान दोघांना सांगून ठेवा. त्यातला एक जण त्याच गावात राहणारा असू द्या.