वाफेच्या गाडीत बसावं कसं आणि उतरावं कुठे: पिकरिंग ते व्हिटबी

आमच्या अंजनगावाला शकुंतला यायची. मूर्तिजापूर-अचलपूर मार्गावरची अरुंद रुळांची गाडी. १९९४पर्यंत तिला मँचेस्टरला बनलेलं कोळशाचं इंजिन असायचं. त्यामुळे इंग्लंडात लीड्सला राहायला आल्यावर ऑफिसात कोणी 'वाफेच्या गाडीची सहल' म्हटलं की मला हसू यायचं. डोळ्यात कोळसा जाण्यासाठी वर पौंड मोजायचे? आता मात्र पाहुणे आले की मीच त्यांना नॉर्थ यॉर्कशायर मूर्स रेल्वेवर घेऊन जाते, आणि दर वेळी तेच तेच सांगून दमते. म्हणून एकदाच लिहून ठेवते.

पिकरिंग ते ग्रोमाँट हे १८ मैल या रेल्वेचे स्वतःचे. ग्रोमाँटच्या पुढे व्हिटबीच्या बंदरापर्यंतचे सहा मैल नेहमीच्या रेल्वेच्या रुळांवरून. जॉर्ज स्टीफन्सनने हा मार्ग बांधला, १८३६ साली सुरू झाला तेव्हा डबे घोडे ओढत. १९६५मध्ये तो बंद पडला आणि हौशी लोकांनी १९७३मध्ये पुन्हा चालू केला. आजही तिकीट बघणारे आजोबा किंवा सिग्नलचा दांडा ओढणाऱ्या बाई बहुतेक वेळा पगाराशिवाय काम करत असतात. त्यांना इंजिनाबद्दल एक प्रश्न विचारून बघा. दहा मिनिटं हाताशी ठेवून विचारा.

बहुतेक लोक पिकरिंगहून चढतात, कारण ते यॉर्कहून जवळ. मी उलटं करते. सकाळी ८४० नंबरच्या बसने माळरान ओलांडून थेट व्हिटबी गाठायचं आणि येताना गाडीने पिकरिंगला उतरायचं. याला कारण आहे. ग्रोमाँटहून गोथलंडकडे येताना ४९ला एक असा चढ आहे, म्हणजे ४९ फूट पुढे गेलं की एक फूट वर. बोरघाटात ३७ला एक आहे, पण तिथे गाडीला मागून ढकलायला जादा इंजिन, म्हणजे बँकर, लावतात. इथे एकटं इंजिन सगळे डबे घेऊन चढतं आणि त्याला किती कष्ट पडतात ते ऐकू येतं. उलट दिशेने आलात तर हाच तुकडा उतार असतो. इंजिन निवांत घरंगळत येतं, आणि तुम्हाला वाटतं, एवढंच?

तर व्हिटबीहून निघताना इंजिनाला लागून असलेल्या डब्यात बसा, खिडकीची वरची सरकती काच उघडा आणि गप्पा बंद करा. दोन सिलिंडरच्या इंजिनाचं चाक एकदा फिरलं की चार फुसकारे निघतात. 'झुकझुक' आपण म्हणतो खरं, पण मोजलं तर ते झुक-झुक-झुक-झुक असं चाराच्या मात्रेत चालतं. चढ लागला की लय संथ होते आणि प्रत्येक ठोका छातीत बसतो. पाऊस पडून गेला असेल तर मध्येच चाकं जागच्या जागी गरगर फिरतात, ठोके एकदम धावत सुटतात. घाबरू नका. ड्रायव्हर वाफ कमी करतो, रुळावर वाळू सोडतो आणि लय पुन्हा जुळते. मागच्या वर्षी बाबांना नेलं होतं. ग्रोमाँटपासून ते एक शब्द बोलले नाहीत, आणि गोथलंड आल्यावर म्हणाले, "हे तर आपली शकुंतलाच हाय ना वं! नुसतं पोट सुटलं तिचं."

ग्रोमाँटला गाडी थांबते तेव्हा वेळ असेल तर उतरून घ्या आणि पुढची गाडी धरा. फलाटाच्या टोकाशी एक लहानसा बोगदा आहे, घोड्यांच्या काळातला. त्यातून चालत पलीकडे गेलं की इंजिनांची शेड. तिथे गरम तेल, ओला कोळसा आणि लोखंड असा मिळून एक वास येतो.

गोथलंड सुंदर आहे, पण एका गाजलेल्या जादूगार पोराच्या सिनेमात ते स्टेशन दिसल्यापासून फलाटावर फोटोवाल्यांची गर्दी असते. गावात मेंढ्या भर रस्त्यात बसलेल्या असतात, त्यांचं वेगळंच राज्य. मी तिथे फक्त चहा घेते. पायी चालायची आवड असेल तर वेगळा दिवस काढा: गोथलंडहून ग्रोमाँटला जुन्या रुळांच्या वाटेने साडेतीन मैल, बहुतेक उतार. १८६५मध्ये रुळ दुसरीकडून नेले, तोवर त्या वाटेवरच्या बेक होलच्या चढावर डबे दोराने ओढून घेत.

माझी खरी शिफारस आहे लेव्हिशॅमची, म्हणजे गोथलंड आणि पिकरिंगच्या मधल्या स्टेशनाची. गाडी बाहेरून बघायची राहिली तर सहल अर्धीच झाली, असं माझं स्पष्ट मत आहे. लेव्हिशॅमला उतरून डोंगर चढून स्केल्टन टॉवरकडे जा. एका पाद्रीबुवांनी साधारण १८३०मध्ये शिकारीसाठी बांधलेली ती इमारत आता पडकी आहे. दीड-दोन तास हाताशी ठेवा. वर पोचलं की पायाखाली न्यूटनडेलची खोल दरी. हिमयुगाच्या शेवटी वितळलेल्या बर्फाच्या पाण्याने कोरलेली. आधी आवाज येतो, तोही नक्की कुठून ते कळत नाही. मग झाडांच्या वर एक पांढरा कापसाचा पुंजका सरकू लागतो, आणि शेवटी बोटभर लांबीची गाडी दिसते.

तो कापूस हवा असेल तर थंड दिवस निवडा. उन्हाळ्याच्या दुपारी वाफ निघते, पण दिसत नाही. एप्रिल किंवा ऑक्टोबरची सकाळ फोटोंसाठी उत्तम. ऑगस्टात मात्र सगळं माळरान हेदरच्या जांभळ्या फुलांनी भरतं, तेव्हा वाफेचा हट्ट सोडा. कोरड्या उन्हाळ्यात ठिणगीने वणवा पेटू नये म्हणून कधी कधी डिझेल इंजिन लावतात, तेव्हा निघण्याआधी चौकशी करा. व्हिटबीच्या गाड्यांना जागा कमी पडतात, तिकीट आधीच काढा. पांढरे कपडे नकोत. दशम्या आणि ठेचा मात्र जरूर घ्या. खिडकीतून बाहेर डोकं काढू नका, घास अडकला म्हणूनही नाही.

आणि वेळापत्रक नीट वाचा. वेगवेगळ्या तारखांना वेगवेगळं असतं. मी एकदा भलत्याच तारखेचं वाचलं. टॉवरवरून उतरत असताना खाली शिट्टी झाली, आणि दिवसातली शेवटची गाडी आमच्या डोळ्यांसमोर पिकरिंगकडे निघून गेली. फोनला रेंज नाही. स्टेशनापासून लेव्हिशॅम गाव दीड मैल, तेही सगळं चढाचं, सोबत दोन लहान पोरं आणि रिकामा डबा. तेव्हापासून शेवटच्या गाडीची वेळ मी सकाळीच तळहातावर पेनाने लिहिते.