अंगण वाकडं करायचंय? मग या चुका टाळा

मुद्दाम तिरका काढलेला फोटो आणि चुकून तिरका आलेला फोटो यांच्यात काही अंशांचंच अंतर असतं. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसलेल्या मैत्रिणीच्या मागचं क्षितिज तीन-चार अंश कललं, की बघणारे म्हणतात, ‘समुद्र सांडतोय की!’ तेच पंधरा-वीस अंश कललं, की त्यांना गंमत कळते. पाच ते दहाच्या मधला फोटो ना धड सरळ, ना धड वाकडा. माझा हिशेब सोपा आहे: पाचाच्या आत असेल तर सरळ करून टाका, नाहीतर न लाजता दहाच्या पुढे जा.

रेघच नाही, तर वाकडं काय दिसणार?

तिरपेपणा कळायला चौकटीत एक तरी ताठ वस्तू लागते. खांब, खिडकी, विजेचा दिवा, काहीही चालेल. मुंबईतल्या एशियाटिक लायब्ररीच्या ३० पायऱ्या आणि त्यांच्या वरचे ते जाडजूड खांब यासाठी उत्तम. आडव्या रेघा, उभ्या रेघा, सगळं हाताशी. उलट कमला नेहरू पार्कातला म्हातारीचा बूट. त्यात मुळात धड सरळ रेघच नाही, त्यामुळे फोन कितीही वाकडा करा, बूट आपला बूटच दिसतो. तिथे सरळ फोटो काढा आणि पोरांनाच वाकडं व्हायला सांगा.

दिशेचीही गफलत होते. फोन घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवला की फोटोत क्षितिजाचं उजवं टोक वर जातं. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, म्हणून उजवीकडे पळणारा मुलगा अशा फोटोत चढण चढताना दिसतो आणि उलट फिरवलं तर घसरताना. कुठली गंमत हवी ते आधी ठरवा.

चढावरची गंमत फसते कुठे

वांद्र्याच्या माउंट मेरी चर्चकडे जाणारा चढ किंवा मलबार हिलवरचा एखादा उतार या खेळाला छान. रस्ता चौकटीत आडवा बसेल इतका फोन फिरवायचा, मग सरळ उभा असलेला माणूस आणि मागची इमारत दोन्ही कलंडल्यासारखी दिसतात. बहुतेकांचा फोटो फसतो तो उभं राहण्याच्या जागेमुळे. रस्त्याच्या मधोमध उभं राहून वर किंवा खाली बघत काढलात, तर रस्त्याच्या कडा लांब जाऊन एकत्र येतात आणि त्या आडव्या करताच येत नाहीत. समोरच्या फुटपाथवर जा, रस्त्याला काटकोनात उभे राहा, मागची भिंत फोनला समांतर धरा. आणि मॉडेलला मुद्दाम झुकायला सांगू नका. ताठ उभं राहणं हेच त्याचं काम.

जमिनीची भिंत करताना

खरी मजा नव्वद अंशांत आहे. गच्चीवर किंवा चाळीच्या गॅलरीत फरशीवर आडवं झोपायचं, वरून फोटो काढायचा आणि फिरवायचा. माणूस भिंतीला लटकलेला, नाहीतर खिडकीच्या गजाला धरून चढणारा. बघणाऱ्याला चकवा कळतो तो चेहऱ्यावरून नव्हे, लोंबणाऱ्या वस्तूंवरून. केस, ओढणी, मंगळसूत्र, कानातले डूल, शर्टाचं टोक, पिशवीचा बंद: हे सगळं फोटोत जी बाजू ‘खाली’ असेल तिकडेच गेलं पाहिजे. फरशीवर झोपल्यावर ते सोपं असतं. केस हाताने खालच्या दिशेने पसरा, ओढणी तशीच ओढून घ्या, डूल चिकटपट्टीने अडकवा. पाय मात्र हमखास विसरले जातात. उभ्या माणसाची पावलं काटकोनात असतात, झोपलेल्याची सैल पडतात. तळवे एखाद्या विटेला किंवा खऱ्या भिंतीला टेकवा, म्हणजे वजन पायांवर आल्यासारखं दिसेल.

फरश्यांच्या रेघा एका बाजूला निमुळत्या होत असतील, तर फोन जमिनीला समांतर नाही. आयफोनमध्ये फोन खाली तोंड करून धरला की मधोमध दोन अधिकचिन्हं दिसतात. ती एकमेकांवर आली की झालं. दिसत नसतील तर सेटिंगमध्ये जाऊन लेव्हल किंवा ग्रिड चालू करा. स्टुलापेक्षा जिन्याच्या वरच्या टप्प्यावरून काढलेला फोटो जास्त पसरट आणि खरा वाटतो.

सावलीही चुगली करते. झोपलेल्या माणसाची सावली फरशीवर ज्या बाजूला पडते, ती बाजू फोटो फिरवल्यावर ‘वर’ आली तर उजेड जमिनीतून येतोय असं दिसतं. त्यामुळे सकाळी किंवा संध्याकाळी आधी सावली बघा, मग डोकं कुठे आणि पाय कुठे ते ठरवा. पावसाळ्यातलं ढगाळ आभाळ सगळ्यात सोयीचं, सावलीच नाही. मे महिन्याच्या मध्यावर आणि जुलैच्या शेवटी मुंबईत सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो. त्या वेळी ऊन पडलेलं असेल तर वरून फोटो काढणाऱ्याचीच सावली मॉडेलच्या पोटावर येते. अशा दुपारी सरळ आंबे खावेत.

एडिटिंगमधले घोळ

सरळ फोटो काढून नंतर फिरवू, हा विचार महागात पडतो. ४:३ चा फोटो १५ अंश फिरवून त्याच आकारात कापलात, तर मूळ क्षेत्रफळाच्या सुमारे ५८ टक्केच भाग उरतो. २० अंशांना जवळजवळ अर्धा जातो. सीएसएमटीच्या घुमटावरचा पुतळा किंवा राजाबाई टॉवरचं टोक नेमकं त्यातच उडतं. तिरपेपणा शक्यतो काढतानाच द्या. नंतरच फिरवायचं असेल तर चार पावलं मागे सरका आणि चारही बाजूंना मोकळी जागा सोडा. मागे जायचा कंटाळा म्हणून ०.५ वर, म्हणजे फोनच्या सगळ्यात रुंद लेन्सने, काढू नका. कडेला उभ्या माणसाचं डोकं ताणलं जातं आणि फिरवल्यावर ते जास्तच खुपतं.

फोटो एडिटरमध्ये उघडल्यावर चुकूनही ‘ऑटो’ दाबू नका. क्रॉपमधला ऑटो काय किंवा लाइटरूम या एडिटिंग अ‍ॅपमधलं अपराइट बटण काय, दोघांनाही वाकडं दिसलं की सरळ करायची खोड. आपली सगळी मेहनत ते एका टिचकीत ‘दुरुस्त’ करून ठेवतात. वर बघून काढलेल्या टॉवरच्या भिंती आत झुकल्या असतील तर तो वेगळा दोष. तो एडिटरमधल्या ‘पर्स्पेक्टिव्ह’ नावाच्या पट्टीने आधी काढा, मग फिरवा. उलट क्रमाने केलंत तर एकातून दुसरं निस्तरत बसाल.

फिरवल्यावर कोपरे रिकामे राहिले की एआयने भरायचा मोह होतो. आभाळ, समुद्र, साधी भिंत असेल तर खुशाल भरा. कोपऱ्यात दुकानाची पाटी असेल तर हात आखडा. देवनागरी अक्षरांचं असं काही कडबोळं होतं की लोक तुमचा फोटो सोडून पाटीच झूम करून वाचतात.

आणि जागा निवडताना मरीन ड्राइव्हचे ओले टेट्रापॉड, बँडस्टँडचे खडक, लोकलचं दार ही तीन ठिकाणं सोडा. २०१६ च्या जानेवारीत बँडस्टँडला सेल्फी काढताना एक मुलगी समुद्रात पडून बुडाली, त्यानंतर पोलिसांनी शहरातल्या धोक्याच्या जागांची यादीच काढली होती. कड्यावर लटकल्याचा फोटो घरच्या फरशीवर निघतो, त्यासाठी कडा लागत नाही.