दोन जिवाची आहेस, परसात जरूर जा, पण या चुका टाळ

मिरग निघाला की आमच्याकडं बी मागायला पोरी येतात. त्यात दोघीतिघी तरी पोटुशी असतात, बहुतेक पहिलटकरणी. बी पुडीत बांधून दिलं की ओट्यावर टेकतात आन मग गप्पा, कुणाला भाकरीचा वास सहन होईना, कुणाची सासू पिकलेल्या पपईलाबी हात लावू देईना, कुणाचा नवरा सोनोग्राफीला सोबत येईना. मला या गप्पा लई आवडतात. पण दरवर्षी त्याच त्या चुका बघून आता जीव वैतागलाय, म्हणून एकदाचं लिहायले.

आधी हे सांगते की गरोदर बाईनं परसात पाऊलच ठेवू नये असं म्हणणाऱ्यातली मी नाही. हात मातीत असले की मन थाऱ्यावर राहतं, चार पावलं चालणं होतं, ताजी भाजी ताटात येती. जिला डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलंय तिनं मात्र पडून राहायचं, तिथं भेंडी सुकली तरी चालंल.

कापसाचं उरलेलं औषध घरच्या भेंडीवर

ही चूक बायका कमी करतात, घरातले गडी जास्त करतात, पण भोगावं बाईला लागतं. आमचा परभणी जिल्ह्यातला मानवत-सेलूचा पट्टा म्हणजे कापूसच कापूस. पंपात तळाला फवारणीचं पाणी उरतं, फेकून देणं जिवावर येतं, मग गडी घरी येतो आन परसातल्या भेंडीवर, गवारीवर मावा दिसला की ते उरलेलं मारून मोकळा होतो. पाच मिनिटाचं काम झालं असं त्याला वाटतं.

आमच्या गल्लीतल्या एका सुनेचं सांगते. पाचवा महिना चालू होता. नवऱ्यानं सांजच्याला उरलेलं भेंडीवर मारलं आन घरात कुणाला बोललाच नाही. सकाळी ही भेंडी तोडायला गेली. कोवळी भेंडी तोडता तोडता कच्चीच खायची तिची सवय, त्यात डोहाळे, पाच-सहा तरी खाल्ल्या असतील. दुपारच्या आत उलट्या सुरू झाल्या. सासू म्हणली, "डोहाळे कडक हायेत गं माय, लिंबूपाणी घे, पडून राहा." त्या माऊलीचं तरी काय चुकलं, गरोदर बाईला उलटी झाली तर कोण दुसरं काही मनात आणतं? पण पुढं घाम फुटला, डोळ्यातून पाणी, तोंडातून लाळ थांबंना, हाताचे स्नायू उडायले. नशीब की आशाताई लोहाच्या गोळ्या द्यायला आलती. तिनं एक नजर टाकली आन पहिला प्रश्न विचारला, "वहिनी, परसात काय फवारलंय का?"

१०८ ला फोन लावला, गाडी आली, दवाखान्यात नेलं. तिथं डॉक्टर विचारायले कोणतं औषध होतं, आन कुणालाच सांगता येईना, कारण मूळ बाटली शेतातल्या खोपीवर आन घरी आणलेलं कोल्ड्रिंकच्या बाटलीत, त्यावर ना नाव ना काही. शेवटी नवरा गाडीवर शेतात जाऊन बाटली घेऊन आला. पोरगी वाचली, पुढं महिने भरल्यावर मुलगी झाली, आता अंगणात पळती. पण ती रात्र त्या घरानं कशी काढली ते मी डोळ्यानं बघितलंय.

आता नीट ऐका. कापसावरची बरीच औषधं आंतरप्रवाही असतात, म्हणजे झाडाच्या रसात उतरतात, वरून कितीबी धुवा, निघत नाहीत. मोनोक्रोटोफॉस हे त्यातलंच एक कीटकनाशक, ते भाजीपाल्यावर वापरायला आपल्या देशात २००५ पासून बंदी आहे, तरी घरच्या भेंडीवर ते मारणारे मी बघितलेत. २०१७ ला विदर्भातल्या यवतमाळात कापूस फवारताना विषबाधा होऊन शेतकरी मेले, ती माणसं उघड्यावर रानात फवारत होती आन आपण तेच औषध चुलीपासून दहा पावलांवर मारायचं?

माझ्या घरात नियम असा की शेताचा पंप परसाच्या फाटकातून आत येत नाही. उरलेलं असंल तर कापसातच संपवून यायचं. पंप मोरीत धुवायचा नाही, कारण मोरीचं पाणी भाजीला जातं. आन फवारणीचे कपडे! हे कुणी ध्यानातच घेत नाही. गडी फवारून येतो, कपडे बादलीत टाकतो आन सून गरोदर असून ते हातानं चोळून धुती. नाही धुवायचे. ज्यानं फवारलं त्यानंच ते वेगळ्या बादलीत धुवायचे, घरच्या कपड्यात मिसळायचे नाहीत. नवरा कुरकुर करत असंल तर त्याला माझ्याकडं पाठवा.

मग माव्याचं काय करायचं? मी सकाळी पाण्याचा जोरात फवारा पानाच्या मागच्या बाजूला मारते, निम्मा मावा त्यातच जातो. नाहीच गेला तर पाच टक्के निंबोळी अर्क, म्हणजे लिटरभर पाण्याला ५० ग्रॅम निंबोळी, कुटून रात्रभर भिजवायची आन गाळून घ्यायची. ते मारायचं काम पण घरातल्या दुसऱ्या कुणीतरी करायचं, आन कडुनिंबाचा रस "रक्त शुद्ध होतं" म्हणून गरोदरपणात पोटात तर बिलकूल घ्यायचा नाही. सगळ्यात सोपं म्हणजे बी चांगलं लावा. भेंडीवर पिवळा केवडा येतो, पानाच्या शिरा पिवळ्या पडतात, तो रोग पांढरी माशी पसरवती. त्या रोगाला दाद न देणारी म्हणून परभणी क्रांती ही जात आपल्याच कृषी विद्यापीठानं काढली. विद्यापीठाचा वर्धापन दिन १८ मे चा, त्या सुमाराला परभणीत खरीप मेळावा भरतो, कुणीतरी चाललं असंल तर त्याच्याकडं बियांचे पैसे देऊन ठेवा.

कच्चं शेणखत, मांजर आन उघडे हात

उकिरड्यावरचं ओलं शेण सरळ वाफ्यात टाकू नका. एक तर त्यात हुमणी येती, मुळं खाती, आन कच्च्या खतानं रोपं जळतात ते वेगळंच. पण दोन जिवाच्या बाईला त्याहून मोठी काळजी जंतूंची. खत पूर्ण कुजलेलं, काळं, भुसभुशीत, हातात घेतलं तर वास न येणारं असंल तरच घ्या.

मांजराचं तर कुणी मनावर घेत नाही. नुकतीच खुरपलेली मऊ माती मांजराला हगायला लई आवडती. त्या घाणीतून टोक्सोप्लाझ्मा नावाचा जंतू मातीत उतरतो, एक ते पाच दिवसात लागायच्या अवस्थेत येतो आन ओलसर मातीत वर्षभरसुद्धा टिकू शकतो. गरोदरपणात पहिल्यांदाच त्याची लागण झाली तर बाळाच्या डोळ्याला, मेंदूला इजा होऊ शकती, गर्भपातबी होऊ शकतो. घाबरून मांजर हाकलून देऊ नका. वाफ्यावर बाभळीच्या फांद्या आडव्या टाका, मांजर बसत नाही. मातीत हात घालताना रबरी हातमोजे घाला, पायात चप्पल ठेवा कारण अनवाणी पायातून आकडी जंत शिरतो आन तो रक्तच पितो. काम झालं की साबणानं हात, नखाच्या आतून सुद्धा. कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा पाला, जे कच्चं खाणार ते दोन-तीन पाण्यातून काढा. मोरीच्या पाण्यावर आलेलं तर कच्चं खाऊच नका. २०१६ च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हापासून आमच्याकडं कुणी थेंब वाया घालवत नाही आन ते बरोबरच आहे, पण मोरीचं पाणी केळीला, अळूला द्यायचं, कोथिंबिरीला नाही.

माती खावीशी वाटणं

पहिल्या पावसाचा वास आला की तोंडाला पाणी सुटतं असं हळूच कानात सांगणाऱ्या कितीतरी जणी आहेत. कुणी चुलीची माती खाती, कुणी पाटीवरची पेन्सिल, कुणी भिंतीचा पोपडा. लाजून लपवतात आन हीच चूक. त्या डोहाळ्यामागं पुष्कळदा रक्त कमी असणं असतं. आशाताईला सांगा, हिमोग्लोबिन तपासा, ११ च्या खाली असंल तर ते कमीच धरतात. मातीतून जंत जातात आन रक्त आणखी उतरतं. सासवांना माझं हात जोडून सांगणं, अशा पोरीला हसू नका, रागवू नका.

पालक आहे की घरचा, गोळी कशाला?

हे वाक्य ऐकलं की मला राहवत नाही. देशाच्या २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात गरोदर बायकांपैकी निम्म्याहून जास्त जणींचं रक्त कमी निघालं, ५२ टक्के. त्या काय भाजी खात नव्हत्या? पालकात लोह आहे पण ते अडवणारं ऑक्झलेटबी आहे, त्यामुळं त्यातलं लोह अंगी थोडंच लागतं. पालक फोलेटसाठी खा, जरूर खा, पण सरकारी लाल गोळीची बरोबरी वाफाभर पालकानं होत नाही. त्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आन ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं, चौथ्या महिन्यापासून रोज एक, १८० दिवस, आन बाळंत झाल्यावर परत तेवढेच दिवस.

आन गोळी घेतात तरी कशी, तर सकाळच्या चहाबरोबर! चहा लोह अडवतो. गोळीच्या आधी तासभर आन नंतर दोन तास चहा नको. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी, दोन्ही एकदम नाही. मी पोरींना सांगते रात्री जेवण झाल्यावर थोड्या वेळानं लिंबूपाण्यासंगं घ्या, मळमळलं तरी झोपेत निघून जातं. शौचाला काळं झालं म्हणून घाबरून गोळी बंद करतात, ते लोहामुळंच होतं, त्यात काही वावगं नाही.

परसातून मदत घ्यायचीच तर दारात कागदी लिंबू, पेरू आन शेवगा ठेवा. शेवग्याचा पाला भाजी करून खा (साल, मुळी मात्र नको). अंबाडी नाहीतर चुका लोखंडी कढईत शिजवा, आंबट भाजी कढईतलं लोह ओढती. करायची झाली की लगेच दुसऱ्या भांड्यात काढा, नाहीतर काळी पडती. ज्वारीची भाकरी, अंबाडी, वर लसणाची फोडणी, आन लिंबाची फोड.

बाकीच्या चुका भराभर सांगते. कोरफड दारात असली तरी तिचा रस गरोदरपणात प्यायचा नाही. कच्ची पपई नको, पूर्ण पिकलेली चालती. भरलेली घागर कमरेवर घेऊन झाडाला पाणी नको, मग्यानं घाला किंवा पाईप लावा. एप्रिल-मेमध्ये नऊच्या आत परसातून घरात. वाकून खुरपण्यापेक्षा पाटावर बसा, उठताना झटक्यात उठू नका, चक्कर येती. दगड, सरपण, पाचट हातानं उचलू नका, घोणस आन विंचू तिथंच असतात. धनुर्वाताची लस राहिली असंल तर माती सोडा आन आधी ती घ्या. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असती, त्या दिवशी परसाला सुट्टी.

आता उतावीळपणाबद्दल. रील बघायची, सात दिवसात कोथिंबीर, केळीच्या सालीचं पाणी, चहाचा चोथा, आन आठव्या दिवशी मला फोन, "काकू, काहीच उगवलं नाही." अगं बाई, धन्याला उगवायलाच आठ-दहा दिवस लागतात! धने रगडून दोन फाकी करून लावले का, तर नाही. कुंडीत निव्वळ काळी माती भरली, ती पाणी दिलं की चिखल आन वाळली की वीट. निम्मी माती, बाकी कुजलेलं खत आन थोडी वाळू, एवढं करायला काय जातं? मला शॉर्टकटचा मनापासून राग येतो, कारण चार कुंड्या वाया गेल्या की ही पोर "माझ्या हाताला गुणच नाही" म्हणून सोडून देती, आन त्या महिन्यांत तिला त्या परसाची सगळ्यात जास्त गरज असती. मेथीनं सुरुवात करा. महिन्याभरात जुडी हातात येती.

आन शेवटची, जी जवळजवळ प्रत्येक पहिलटकरीण करती. बाळंतपण माहेरी होणार हे ठरलेलं असतं, सातव्यात ओटी भरून गाडीत बसायची तयारी, आन ही पाचव्या महिन्यात सासरी टोमॅटो, वांगी, दोडका, कारलं सगळं लावून बसती. मग ती माहेरी, इकडं पाणी कुणी घालत नाही, फोनवर रडारड. महिने मोजून लावा. माहेरी जाण्याआधी हाताला येईल तेवढंच पेरा, मेथी, पालक, तांदुळजा, लई झालं तर भेंडी, ती दीड-दोन महिन्यात सुरू होती. शेवगा, लिंबू, कढीपत्ता लावायचाच असंल तर पावसाच्या तोंडाला लावा म्हणजे तुम्ही जाईपर्यंत जीव धरतो, आन पाण्याची जबाबदारी नाव घेऊन एकाला द्या, दीर असंल नाहीतर सासरे. माहेरी आईला मात्र आत्ताच फोन करून सांगा, तुमची तारीख धरून महिना-सव्वा महिना आधी शेपूचा एक वाफा टाकून ठेव म्हणावं, म्हणजे बाळंतिणीला कोवळा शेपू बाजारातून आणायला नको.