व्यक्तिमत्त्व चाचणी : फुकट की विकत? या चुका टाळा

किमतीवरून चाचणीची विश्वसनीयता ठरवणे ही पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक आहे. मानसशास्त्रज्ञ कॉस्टा आणि मॅक्रे यांची १९९२ची २४० विधानांची ‘निओ पीआय-आर’ चाचणी स्वभावाचे बहिर्मुखतेसारखे पाच मुख्य गुणविशेष मोजते, ती विकत घ्यावी लागते. पण तेच पाच गुणविशेष मोजणारी, ‘आयपिप’ या खुल्या विधानसंग्रहातून जॉन जॉन्सन यांनी बेतलेली १२० विधानांची चाचणी विनामूल्य असूनही संशोधनात वापरली जाते. उलट, माणसांना अंतर्मुख-बहिर्मुख अशा जोड्यांतून १६ प्रकारांत बसवणाऱ्या आणि प्रत्येक प्रकाराला ‘आयएनटीजे’सारखे चार अक्षरांचे नाव देणाऱ्या ‘एमबीटीआय’ चाचणीसाठी पैसे मोजूनही काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिल्यावर अनेकांचा चार अक्षरी प्रकार बदलतो.

असे का होते, हे समजून घेण्यासारखे आहे. बहुतेक माणसे पूर्ण अंतर्मुखही नसतात आणि पूर्ण बहिर्मुखही नसतात, ती मधेच कुठेतरी असतात. तिथेच रेघ मारून दोन गट पाडले, की एखाद-दुसरे उत्तर बदलताच माणूस रेघेपलीकडे जातो. म्हणून केवळ प्रकाराचे नाव सांगणाऱ्या अहवालापेक्षा प्रत्येक गुणविशेषाचे गुण सांगणारा अहवाल निवडावा.

अहवाल ‘अगदी माझाच’ वाटला म्हणून चाचणी खरी मानणे ही दुसरी चूक. ओळखीच्या एका मुलासाठी घेतलेल्या गुळगुळीत, रंगीत अहवालात ‘आपण वरवर शांत दिसता, पण मनात विचार चालू असतात’ असे वाक्य होते. ते कोणाला लागू पडणार नाही? १९४८ साली मानसशास्त्रज्ञ बर्ट्राम फोरर यांनी ३९ विद्यार्थ्यांना एकच मजकूर स्वतंत्र अहवाल म्हणून दिला, तेव्हा त्यांनी अचूकतेला ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. त्यातील बरीच वाक्ये राशिभविष्याच्या पुस्तकातली होती.

फुकट ते सारे चांगले, असेही नाही. कोणत्या आधारावर बेतली हे न सांगता पाच-सात प्रश्नांत स्वभाव उलगडणारी चाचणी करमणूकच समजावी. अगदी संशोधकांनी रचलेल्या १० विधानांच्या ‘टीआयपीआय’मध्येही प्रत्येक गुणविशेषाला दोनच विधाने असल्याने तिच्यावर वैयक्तिक निर्णय सोपवू नये. विकतच्या चाचणीत पैसे बहुधा हक्क, अहवाल आणि समुपदेशकाच्या वेळेचे असतात. तो समुपदेशक चांगला असेल, तर ते वाया जात नाहीत.

शंका असल्यास चाचणीचे गुण वहीत तारखेसह लिहून ठेवावेत आणि महिन्याभराने, जुनी उत्तरे न पाहता, ती पुन्हा द्यावी. दोन-चार गुणांचा फरक चालतो. बहिर्मुखता ७० वरून ३५ वर आली, तर आधी भांडणाच्या किंवा मुलाखतीच्या दिवशी उत्तरे दिली होती का, हे आठवून पाहावे. तसे काही नसेल, तर चाचणी बदलावी.